राणीमहालातलं मांजरपाट

राजधानी,
४ फेब्रुवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

फोनवर आपण दोघी तब्येत आणि हवा यांच्यापुढे कधी गेलो नाही. तुमच्या दुकानात शिवणयंत्र चालू असतं, इकडे आमचे हे टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत, आणि शेवटी 'हो का, बरं बरं' म्हणून आपण फोन ठेवतो. म्हणून आज पत्र लिहायला घेतलं. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली, त्यामुळे मला चार शब्दांत सांगायची सवय आहे. पण आजचं चार शब्दांत मावणार नाही.

रविवारी सूनबाईने मला राजवाडे दाखवले. आम्ही दोघीच होतो. चिरंजीवांनी येतो म्हटलं तर तिने त्याला घरी बसवलं. या शहरात माझे केस पांढरे झाले, पण राजवाडे मी कधी आतून बघितलेच नव्हते. शाळेची सहल जायची तेव्हा मी शिट्टी घेऊन दारात उभी आणि मुलींची डोकी मोजतेय. मुली सिंहासन बघून यायच्या आणि मी त्यांना रांगेत लावून परत आणायची. नोकरी संपली तरी सिंहासन राहिलंच.

तर ते परवा बघितलं. आधी जुना महाल, मग दरबार, मग घोड्यांच्या पागा आणि बग्ग्या, आणि शेवटी राणीमहाल. तुमची मुलगी तिथेच नोकरीला म्हटल्यावर पहारेकरीसुद्धा ओळखीचे. मोठ्या दरवाजाने सगळं जग आत जात होतं, आम्हाला मात्र बाजूच्या उताराच्या दाराने सोडलं. सिंहासनासमोरच्या बाकावर तिने मला इतका वेळ बसवलं की मला वाटलं, आता मुजरे करायला लोक येतात की काय. राणीमहालात राजवस्त्रांचं दालन आहे. तिथे ती जुन्या पोशाखांची डागडुजी करते हे तुम्हाला माहीत आहेच. दुपार अर्धी त्याच दालनात गेली. मला कापडातलं ओ की ठो कळत नाही, पण ती इतका जीव लावून सांगत होती की मी मान डोलावत राहिले.

बुरुजावर मात्र गेलो नाही. मला फार हौस होती. म्हटलं, अगं, मी अजून धावत चढेन. तर म्हणाली, 'नको अहो आई, तो आपल्या यादीत नाहीच.' माझ्या वयाची काळजी, दुसरं काय.

विहीणबाई, मला मुलगी नाही. बाजारात मायलेकी हातात हात घालून जाताना दिसल्या की मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागायची. रविवारी दिवसभर माझ्या कोपराला तिचा हात होता. आमच्याकडे आल्यापासून पोरीला शिस्तही छान लागली आहे. सगळं कसं आखून रेखून.

तुम्हीही या कधीतरी. लोभ आहेच, तो वाढता ठेवा.

तुमची,
विहीण

---

११ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून आनंद झाला. दुसऱ्यांदाचं विचारू नका.

तुम्हाला राजवाडे दिसले हे फार चांगलं झालं. सिंहासनासमोर बसायला मिळालं हे तर फारच चांगलं. माझी तब्येत ठीक आहे. डावा गुडघा, रक्तातली साखर आणि ऑपरेशन झालेला डोळा, तिघं आपापल्या जागी सुखात आहेत. दुकान चालू आहे. लग्नाचे सहा ब्लाउज अंगावर आले आहेत. मी अंगावरचं काम उरकणारी बाई आहे, मला कुठे फिरायला वेळ.

पण तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत म्हणून मीही लिहिते. माझ्या दुकानात एक पत्र्याचा डबा आहे. कुणा गिऱ्हाइकाने कधी काळी बिस्किटं भरून दिलेला. आता त्यात बटणं असतात. त्याच्या झाकणावर तुमच्या त्या राणीमहालाचं चित्र आहे. रंग उडालाय, पण खिडक्या अजून दिसतात. आमची बॉबिन (तिला इथे सगळे बॉबिनच म्हणतात, सारखी गरगर फिरायची म्हणून) कापायच्या टेबलाखाली बसून बटणांची जोडी लावायची. मी वर कापत असायची. एकदा झाकण वर करून मला म्हणाली, 'आई, मोठी झाले की मी तुला इथे नेणार. सगळ्यात आधी तुला.' तेव्हा ती बोबडं बोलायची. मी हसले आणि कात्री चालवत राहिले. पण ऐकून ठेवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, लहान मुलाच्या बोलण्याचं काय एवढं. काही नाही. मुलगी सासरी गेली की सासरची होते, हे काय मला कुणी सांगायला हवं? तिचा बाप गेल्यापासून आम्ही दोघीच होतो. तिच्या लग्नानंतर मी यंत्र दाराजवळ सरकवलं, तेवढीच येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोबत. ती माझी थोडीफार तरी उरली आहे की नाही, एवढंच कळलं तरी मला पुरे.

आणि शिस्तीचं म्हणाल, तर ती तुमच्याकडे लागलेली नाही, इथून नेलेली आहे. महागाच्या कापडाला कधी सरळ कात्री लावायची नाही, हे मी तिला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. आधी स्वस्तातलं मांजरपाट घ्यायचं. त्यावर बेतायचं, टाचायचं, अंगावर चढवून बघायचं. कुठे ओढतंय, कुठे बोचतंय, वाकल्यावर कुठे उसवतंय हे सगळं मांजरपाटावर कळलं, की मग खऱ्या कापडाला हात लावायचा. पोरगी तीच. तुमच्या घरात फक्त चमकतेय.

'कधीतरी' या म्हणता. कधीतरी येईन. लोभ किती ठेवायचा ते तुम्हीच बघा, सध्या तुमच्याकडे साठा बरा दिसतो.

तुमची,
विहीण

---

१७ फेब्रुवारी

विहीणबाई, सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, 'बाई रागावल्यात.' मी म्हटलं, छे, त्या बोलतातच तशा, टाचणी लावून. चुकलं असेल तर सांगा.

गुडघ्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. गुडघा म्हणजे वर्गातलं द्वाड कार्टं, बसवून ठेवलं की जास्त त्रास देतं. मी व्यायाम लिहून पाठवते, रोज सकाळी करा. मी या वयात रोज तळ्याला दोन फेऱ्या मारते, माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत.

डब्याचं वाचून बरं वाटलं नाही. पण पोरीला दोष देऊ नका. ती मनाने फार मऊ आहे. तुम्हाला पटावं म्हणून त्या दिवसाचं आणखी सांगते, म्हणजे तिने माझं किती केलं ते कळेल.

घरातून निघतानाच तिच्या खांद्याला घडीचं स्टूल होतं, नवंकोरं. जिथे बाक नाही तिथे ते उघडायची आणि 'बसा' म्हणायची. मी म्हटलं, मी दमले नाहीये. तर म्हणाली, 'तरी बसून बघा.' मी बसले की विचारायची, उंची बरोबर आहे ना, उठताना काही धरावं लागलं का. जिन्यावर म्हणाली, 'कठडा डाव्या हाताला आला तर बरा पडतो की उजव्या?' माझ्या आईनेसुद्धा मला असलं कधी विचारलं नव्हतं. दरबाराच्या अंगणात पांढरी फरशी आहे, उन्हात लखलखते. तिथे तिने पिशवीतून काळा चष्मा काढून मला लावायला दिला आणि विचारलं, आता डोळ्याला टोचत नाही ना. राजवस्त्रांच्या दालनात तर मला स्टुलावर बसवून म्हणाली, 'इथून राणीच्या पोशाखाची खालची किनार दिसते का? टाके दिसतात का?' मला टाके दिसले काय न दिसले काय, पण मी तिचं मन राखलं. म्हटलं, दिसतात.

एकच फजिती झाली. थर्मासमध्ये चहा आणला होता, तो बिनसाखरेचा. मला दोन चमचे लागतात, ती रोज सकाळी स्वतःच्या हाताने घालते. म्हणाली, 'विसरले हो.' मी तोंड वेडंवाकडं न करता सगळा कप प्यायले. इतकं करणाऱ्या पोरीला चमचाभर साखरेवरून बोलायचं?

सोबत फोटो पाठवते. बाकावर मी आहे आणि मागे राणीमहाल. खांद्यावरचा हात तिचा. याचीच मोठी प्रत काढून मी दिवाणखान्यात लावली आहे. तुमच्याकडेही एक असावी.

तुमची,
विहीण

---

२१ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार,

फोटो मिळाला. तो हातात घेऊन मी बराच वेळ जळत होते. तुमच्या खांद्यावरचा तो हात, त्याच्या अंगठ्यावर सुईचा जुना व्रण आहे. तो व्रण पडला तेव्हा रक्त मी पुसलं होतं. फोटो बटणांच्या डब्यात घालून झाकण लावून टाकलं.

मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं, आणि मधेच मशीनवरचा पाय थांबला.

विहीणबाई, तुमचे दोन्ही गुडघे ठणठणीत. मग उठताना काही धरावं लागतं ते कुणाला? कठडा कुठल्या हाताला हवा याचा घोळ कुणाचा? डावा गुडघा माझा वाकत नाही. ऊन टोचतं ते माझ्या ऑपरेशनच्या डोळ्याला. काळा चष्मा डॉक्टरांनी मला सांगितलाय. बुरुज यादीत नव्हता, कारण मला बुरुज चढता येत नाही. राणीच्या किनारीचे टाके कुणाला दाखवायचे होते? कवायतीच्या बाईंना?

आणि चहा. ती विसरली नाही हो. जन्मात कधी विसरली नाही. बिनसाखरेचा चहा मी पिते.

मागे तिने मला दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, मला चालवत नाही, वाटेत बसायला लागतं, तुझा दिवस फुकट जाईल. तेव्हा ती फोनवर गप्प बसली होती. आता कळलं का गप्प बसली ते. माझी पोर आधी बेतून बघत होती. कुठे ओढतंय, कुठे बोचतंय.

म्हणजे सगळ्यात आधी तिने तुम्हाला नेलं ते खरं. पण खरं कापड मी आहे. तुम्ही मांजरपाट.

हे लिहून हातावेगळं केल्याशिवाय मला झोप लागली नसती. आज फार दिवसांनी बरं वाटलं. तुमच्या व्यायामाचा कागद मिळाला, आभारी आहे.

बॉबिनची आई

---

१४ मार्च

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. पोस्टाची चूक असेल असं मी पहिला आठवडा मानलं. दुसऱ्या आठवड्यात मुलीला फोन केला. ती म्हणाली, 'अहो आई बऱ्या आहेत, पण हल्ली गप्पगप्प असतात. सकाळी चहासुद्धा स्वतःच करून घेतात.' का ते तिला माहीत नाही. म्हणजे तुम्ही तिला पत्र दाखवलं नाहीत. मी तुमच्या जागी असते तर दाखवलं असतं.

मी लिहिलं ते खोटं नव्हतं, म्हणून ते परत घेत नाही. पण कात्री लागते तेव्हा कापडाला दुखतं की नाही, हे आमच्या धंद्यात कुणी बघत नाही. माझ्या जिभेलाही तीच सवय लागली आहे.

एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगते. बेतलेलं मांजरपाट आम्ही टाकून देत नाही. त्याचंच पुढे अस्तर लावतो. वरचं कापड चारचौघांत मिरवायला. अंगाला लागतं ते अस्तर. रोज अंगाला लागून कोण आहे, मी की तुम्ही, ते तुम्हीच बघा. मला बघवत नाही.

उत्तर आलं तर बरं वाटेल. लोभाचं आता तुमच्यावर सोडते.

तुमची,
विहीण

---

२० मार्च

विहीणबाईंना नमस्कार,

तुमची दोन्ही पत्रं समोर ठेवून लिहिते आहे.

पहिलं वाचलं तेव्हा सूनबाई कामावर गेली होती. मी तिच्या खोलीत गेले नाही, काही शोधलं नाही, काही विचारलं नाही. गरज नव्हती. शाळेत गॅदरिंगच्या आधी आम्ही मैदानावर संचलनाची तालीम घ्यायचो. पाहुण्यांच्या खुर्चीत तालमीपुरता शिपाईदादांना बसवायचो. सलामी दिसते का, ऊन कुठून येतं, सगळं त्यांना विचारायचो. खऱ्या दिवशी त्या खुर्चीत पाहुणे आणि दादा फाटकापाशी. त्यांना काय वाटत असेल, हा विचार एवढ्या वर्षांत मला शिवला नव्हता. त्या दिवशी शिवला.

फोटो भिंतीवरून काढला. हे म्हणाले, 'भिंतीला डाग दिसतोय.' तेवढ्यासाठी दोन दिवसांनी परत लावला.

विहीणबाई, मला तुमचा हेवा वाटतो. सरळच लिहिते. तुम्ही तिथे बसून मशीन चालवता, आणि इथे एक पोरगी तुमच्या गुडघ्यासाठी अख्खी राजधानी मोजत फिरते. माझा मुलगा गुणी आहे, पण माझा कुठला गुडघा दुखतो हे विचारलं तर त्याला दोन्ही बघावे लागतील. मी तिचा चहा घेणं बंद केलं. ती ओट्यापाशी कप हातात धरून उभी राहायची आणि मी पातेलं पुढे ओढायची. शिस्तीच्या नावाखाली मी लहान मुलीसारखी रुसले.

मग परवाच्या रविवारी मी तिला म्हटलं, मला बुरुजावर ने. ती म्हणाली, 'आत्ता?' म्हटलं, आत्ता. गेलो. मी पुढे आणि ती मागे. मी एकदाही थांबले नाही. वर पोचेपर्यंत तिला धाप लागली होती, तिला मीच हात देऊन वर घेतलं. वरून सगळं शहर दिसतं, तळं दिसतं, आमची गच्चीसुद्धा. वारा इतका होता की बोलता येत नव्हतं. ही जागा तुमच्या यादीत नाही, विहीणबाई. ही माझी. हे तुम्हाला कळावं म्हणूनच लिहिते आहे, उगाच साळसूदपणा कशाला करू.

खाली उतरताना तिने आपणहून सगळं सांगितलं. म्हणाली, 'अहो आई, मी तुम्हाला आधीच विश्वासात घ्यायला हवं होतं. पण आईला कळलं असतं की तिच्यासाठी एवढा खटाटोप चाललाय, तर ती आलीच नसती.' मग गाडीचं तिकीट दाखवलं. तुमच्या नावाचं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारचं. तुम्हाला ती दोन दिवस आधी सांगणार आहे, म्हणजे नाही म्हणायला वेळ मिळणार नाही. मी फोडलं हे तिला सांगू नका.

मी तिचा चहा परत सुरू केला आहे. कालपासून मुद्दाम दोन कप घेते.

तुम्ही याल त्या दिवशी मी घरीच थांबेन, मध्ये लुडबुडणार नाही. स्वयंपाक करून ठेवीन. दारापाशी दोन पायऱ्या आहेत, कठडा उजव्या हाताला येईल. या.

तुमची,
विहीण

---

९ एप्रिल

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

घरी सुखरूप पोचले. तुमच्या घरून निघताना तुम्ही विचारलंत, दिवस कसा गेला. पोरगी शेजारी उभी होती म्हणून मी 'छान' एवढंच म्हटलं. आता बाकीचं लिहिते.

उताराचं दार, बाक, स्टूल, काळा चष्मा, सगळं तुम्ही लिहिल्याप्रमाणे जागच्या जागी होतं. कुठे ओढलं नाही, कुठे बोचलं नाही. गुडघा एकदासुद्धा कुरकुरला नाही. असा बेत मी आजवर कुणाच्या अंगावर बसवलेला नाही. पण तुम्हाला खरं सांगायचं तर माझा तो दिवस तुम्ही सुखाने जाऊ दिला नाहीत. तुम्ही घरी थांबून स्वयंपाक करत होतात आणि तरी दिवसभर आमच्याबरोबर होतात. सिंहासनासमोर बसवलं की, 'इथे अहो आई एकदम दक्षमध्ये बसल्या होत्या.' पागेत गेलो की, 'इथे त्या घोड्यांना शिट्टी वाजवून दाखवत होत्या.' बग्गीपाशी, जिन्यापाशी, पाण्याच्या नळापाशी, अहो आई, अहो आई. मी म्हटलं, अगं, राजाराणीचं काहीतरी सांग. हसली, आणि पुढच्या वळणावर परत तुम्ही. मी तुमचा दिवस ऐकत फिरत होते.

राजवस्त्रांच्या दालनात मात्र ती गप्प झाली. स्टूल उघडलं, मला काचेजवळ बसवलं आणि राणीच्या पोशाखाच्या किनारीवर बोट धरलं. म्हणाली, 'इथून तिथपर्यंत माझं काम.' मी चष्मा काढून बघितलं. उलटी टीप. माझी टीप आहे ती, विहीणबाई. शेवटाला दोन टाके माघारी घ्यायचे आणि दोरा आत दडवायचा, ही माझ्या आईची पद्धत. आता ती राणीच्या अंगावर आहे. तिने विचारलं, 'चुकलंय का काही?' मी म्हटलं, नाही गं, ऊन टोचतंय. दालनात ऊन नव्हतं. तिने काळा चष्मा माझ्या डोळ्यांवर ठेवला.

मग बाहेर आलो आणि तुम्ही फोटोत बसला होतात त्याच बाकावर बसलो. समोर तो बुरुज. मी तो खालून बघितला. फार उंच आहे. तुम्ही तिथे न थांबता चढलात म्हणता, तर चढला असाल. तुमच्या दोन्ही गुडघ्यांना माझी दृष्ट लागू नये.

तिथे तिने थर्मास उघडला. सकाळपासून तिची धांदल मी बघत होते. माझ्यासाठी उशी घे, गोळ्या घे, पाणी घे. चहा तिने ओट्यापाशी उभ्याउभ्या केला होता, तुमच्याशी बोलता बोलता. कप भरून माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघत बसली, मला महाल आवडला का ते विचारायला. मी घोट घेतला.

चहा गोड होता. भरभक्कम दोन चमचे.

तुम्हाला नेलं त्या दिवशी तिने माझा चहा लक्षात ठेवून केला होता, कारण तेव्हा ती मनात मला धरून चालली होती. खऱ्या दिवशी तिचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं आणि हात मात्र आपल्या रोजच्या वळणाने गेला. तिच्या हाताला आता तुमची सवय आहे. मला जे कळायला हवं होतं ते कळलं. थोडीफार माझी उरली आहे, बाकीची तुमची झाली आहे, आणि तिला स्वतःला त्याचा पत्ताही नाही.

खोटं कशाला सांगू, तुमचा इतका राग मला बुरुजाचं वाचूनही आला नव्हता. एक शब्द बोलले असते तर पोरीने कप हिसकावून घेतला असता, कपाळावर हात मारून घेतला असता, आणि आयुष्यभर तो दिवस तिला त्या चहासाठीच आठवला असता. ती विचारत होती, 'कसा आहे?' मी म्हटलं, फक्कड.

सगळा कप प्यायले. साखर वाढली असेल तर वाढू दे, चार दिवस भात सोडते. मुलीला यातलं काही सांगू नका. त्या दिवशी तुम्ही माझा चहा निमूट प्यायलात, परवा मी तुमचा प्यायले. आपली फिट्टंफाट झाली.

तुमच्या मापाचा एक ब्लाउज पाठवून द्या, जुना असला तरी चालेल. शिवायला घेते.

तुमची,
विहीण